फुलं जमतात, मग दागिना का सुटतो?

प्रश्न थोडक्यात: धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण तीन आठवड्यांवर आलंय. सातवा महिना, साडी अर्थातच हिरवी. खऱ्या फुलांचा वास तिला सध्या सोसत नाही, म्हणून फुलांच्या दागिन्यांचा पूर्ण सेट आणि झोपाळ्याची सजावट घरीच करायची ठरवली. ग्लू गन, पांढरी सॅटिन रिबन, पांढरा आणि लाल क्रेप कागद आणून एक गजरा आणि कानातल्यांचा जोड करून पाहिला. गजरा कापूस पिंजल्यासारखा दिसतो, कानातली जड झाली आणि दोन तासांत तीन फुलं गळून पडली. तीन आठवड्यांत हे नीट जमेल का? सामान काय, किती आणि करायचं कसं?

उत्तर:

जमेल. तीन आठवडे पुष्कळ झाले. आणि जे तीन प्रकार तुमच्याकडून बिघडले, ते सगळ्यांकडून पहिल्या खेपेला बिघडतात. मी हे काम रुखवताच्या वस्तू करता करता शिकले आणि गेली बरीच वर्षं डोहाळजेवण, हळद, बारसं यांचे सेट करून देते. शिकायला येणाऱ्या बायका पहिल्या दिवशी विचारतात, "ताई, गुलाब कसा करायचा?" गुलाब तासाभरात येतो हो. त्या गुलाबाच्या पाठीमागे काय आहे, हे कुणी विचारत नाही. सगळी मेहनत पाकळ्यांवर होते आणि शेवटच्या अर्ध्या तासात गनचा घोडा दाबून सगळं एकमेकांना चिकटवून टाकलं जातं. तुमची फुलं गळाली ती तिथे.

म्हणून क्रम उलटा धरा. आधी बहिणीची मापं, मग प्रत्येक दागिन्याची बैठक, म्हणजे फुलांमागचा आधार, आणि मग फुलं.

मापं घेताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. ही नवरी नाही, गरोदर बाई आहे. सातव्या-आठव्या महिन्यात अनेकींच्या हातापायांवर सूज असते, आणि ती सकाळी एक, संध्याकाळी एक असते. आज घेतलेलं मनगटाचं माप तीन आठवड्यांनी चालेलच असं नाही. त्यामुळे घट्ट गोल बांगडी, गोल वाकी, हुकाचा कंबरपट्टा यातलं काहीही करू नका. सगळं नाडीनं बांधता येईल असं करा. दागिन्याचा सजवलेला भाग फक्त समोरच्या बाजूला, दोन्ही टोकांना रिबन, गाठ मागे. मनगटासाठी फुलांचा भाग १० सेंटीमीटर, दंडासाठी १५, कंबरपट्ट्यासाठी ३५ ते ४० पुरतो. मनगटाला आणि दंडाला प्रत्येक टोकाला २५-३० सेंटीमीटर रिबन ठेवा, कंबरेला एकेक मीटर. कंबरपट्टा पोटावरून आडवा नेऊ नका, पोटाच्या वर सैलसर बांधायचा. फोटोत तो तिथेच शोभतो आणि तिलाही काचत नाही.

आता बैठक. शिंप्याच्या सामानाच्या दुकानात बकरम मिळतं, कॉलरमध्ये घालतात ते. त्याची पट्टी दागिन्याच्या आकाराची कापायची, दंडाला आणि कंबरेला ४ सेंटीमीटर रुंद, मनगटाला ३. तिच्या एका बाजूला फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या मऊ जाड कापडाचा, तुकडा ठेवून चारही कडांनी धावदोरा घालायचा. रिबनची टोकं बकरम आणि फेल्टच्या मध्ये सरकवून तिथे उलटी टीप मारायची, निदान सहा-सात टाके. दागिन्याचा सगळा ताण या रिबनवर येतो, तेव्हा इथे गोंद अजिबात चालणार नाही, फक्त सुई-दोरा. फेल्ट त्वचेकडे आणि बकरम फुलांकडे. फेल्ट घाम टिपतो आणि टोचत नाही. बकरमच्या जाळीदार विणीत गोंद शिरून बसतो, म्हणून फूल धरून राहतं. सॅटिनच्या गुळगुळीत पाठीवर तोच गोंद वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. तुमची तीन फुलं बहुधा अशीच गेली असणार.

ग्लू गनबद्दल थोडं सांगते, कारण निम्मी भांडणं तिच्याशीच असतात. बाजारात दोन प्रकार दिसतात: ७ मिलिमीटरची कांडी लागणारी लहान आणि ११ मिलिमीटरची मोठी. दागिन्यांना लहानच घ्या. मोठीतून एकदम गोळा येतो, तो पाकळ्यांतून बाहेर डोकावतो आणि वजनही वाढवतो. ७ मिलिमीटरची दहा सेंटीमीटर लांब कांडी साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. एका कानातल्यात अर्धी कांडी गेली, तर पावणेदोन ग्रॅम नुसता गोंद कानाला लटकतोय! तुमच्या कानातल्यांच्या वजनाचं कोडं इथेच सुटतं. गन लावल्यावर चार-पाच मिनिटं थांबा. गोंद पाण्यासारखा पातळ आला पाहिजे. जाडसर, तारा सुटणारा गोंद म्हणजे गन अजून तापलेली नाही. हरभऱ्याएवढा ठिपका लावा, लगेच फूल टेकवा आणि दहापर्यंत मोजेस्तोवर दाबून धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे जे धागे राहतात ते हातानं ओढत बसू नका, शेवटी लांबून हेअर ड्रायरची गरम हवा मारली की आक्रसून नाहीसे होतात. आणि झालेला सेट उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नका, गोंद मऊ पडून फुलं जागची हलतात. बोट भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट नाही, हळद नाही.

कागदाला कागद जोडायला मात्र गन काढूच नका. तिथे साधा पांढरा फेविकॉल बरा. वाळल्यावर दिसत नाही आणि वजन नगण्य.

आता तुमच्या लाल क्रेपबद्दल. तो बाजूला ठेवा. झोपाळ्याला वापरा, अंगावर नाही. हे मी ठेच लागल्यावर शिकले. सुरुवातीच्या वर्षांत भाचीच्या हळदीला मी लाल क्रेपचे गुलाब घालून गळ्यातलं केलं होतं. दिसायला इतकं देखणं की सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. मे महिना, मांडवात पंखे दोन. तासाभरात तिच्या गळ्याभोवती गुलाबी वर्तुळ उमटलं आणि मोतिया रंगाच्या साडीच्या काठावर तीन डाग. रंगीत क्रेपचा रंग कच्चा असतो, ओल लागली की सुटतो. शंका असेल तर ओल्या कापसानं कागद पुसून बघा, कापूस लगेच बोलतो. तेव्हापासून माझा नियम आहे: अंगाला लागणाऱ्या वस्तूत क्रेप फक्त पांढरा, बाकी रंग रिबनचे किंवा फोम शीटचे.

म्हणून तुमच्या सेटसाठी सुचवते ते असं. पांढऱ्या क्रेपच्या मोगऱ्याच्या कळ्या आणि फोमची अबोली. बस, दोनच फुलं. हिरव्या साडीवर पांढरा आणि अबोली रंग जसा उठतो तसा दुसरा कुठला उठत नाही. कोकणात अबोलीचा वळेसर आणि गोव्यात अबोलीची फाती केसांत माळतात, ते रंगाचं गणित पिढ्यांनी आधीच सोडवून ठेवलंय. पानं हिरवी करू नका, साडीत हरवतील. त्याऐवजी सोनेरी गोट्याची, म्हणजे जरीच्या पट्टीची, पत्ती घाला. गुलाब, ऑर्किड, शेवंती, सगळं एका सेटमध्ये कोंबायचा मोह होईल. आवरा. दुकानातल्या महागड्या सेटमध्ये आणि घरच्या सेटमध्ये फरक जाणवतो तो बहुतेक या कोंबाकोंबीमुळे.

मोगऱ्याची कळी. क्रेप कागदावर बारीक उभ्या सुरकुत्या असतात. त्या रेषा पट्टीच्या लांबीच्या दिशेनं येतील अशा बेतानं २ सेंटीमीटर रुंद आणि ७ सेंटीमीटर लांब पट्ट्या कापा. एक पट्टी घ्या, बरोबर मध्यावर तिला एक पूर्ण पीळ द्या आणि पिळावर दुमडून दोन्ही अर्धे एकमेकांवर आणा. पिळाच्या जागी टोक गोलसर, बंद झालेलं दिसेल. आता दोन्ही अंगठ्यांनी त्या टोकाजवळचा कागद आडवा किंचित ताणा, म्हणजे वाटीसारखा खोलगट होईल. आत ज्वारीच्या दाण्याएवढा कापूस ठेवा, कडा एकावर एक घ्या आणि खालचा भाग दोन बोटांत वळून शेपटी करा. कळीचा फुगीर भाग दीड-दोन सेंटीमीटर आणि खाली तेवढीच शेपटी, असं प्रमाण आलं की थांबा. कापूस जास्त झाला की कळीचा लसूण होतो, हे लगेच दिसेल.

आणि मग ती एक गोष्ट, जी केल्याशिवाय मोगरा मोगरा वाटत नाही. खरी कळी हातात घेऊन बघा. ती पांढरीशुभ्र नसतेच. टोकाकडे दुधाळ आणि देठाकडे फिकट पोपटी. शेपटीच्या सुरुवातीला फिकट हिरव्या फ्लोरल टेपचा एक वेढा द्या. ही टेप तशी चिकट लागत नाही, ताणली की तिच्यातलं मेण बाहेर येऊन चिकटते, म्हणून ताणतच गुंडाळायची. टेप नसेल तर हिरव्या खडूची भुकटी बोटानं चोळा. एवढ्यानं ट्यूबलाइटसारखा पांढरेपणा जातो. तुमचा गजरा पिंजलेल्या कापसासारखा दिसला त्याला दोन कारणं: सगळा एकच पांढरा, आणि सगळी फुलं उमललेली. गजरा कळ्यांचा असतो. दहा कळ्यांमागे एखादी अर्धवट उमललेली पुरते.

अबोली तर फुलांमधलं सगळ्यात सोपं फूल, आणि कुणी करतच नाही. बहुतेक फुलांच्या पाकळ्या चहूबाजूंनी पसरतात, अबोलीच्या एकाच बाजूला, पंख्यासारख्या. म्हणजे एकच तुकडा कापला की फूल झालं. १ मिलिमीटर जाडीची पीच रंगाची फोम शीट घ्या, २ मिलिमीटरची नको, ती ताठ राहते. ३ बाय ४ सेंटीमीटरच्या तुकड्यावर वर पंखा आणि खाली निमुळती दांडी असा आकार काढा. पंख्याच्या कडेला पाच उथळ खाचा-लाटा, मधली जरा मोठी. आता इस्त्री मध्यम तापवा, उभी ठेवा, तिच्या तव्याला फोमचा तुकडा दोन-तीन सेकंद टेकवा. तो आपोआप वळायला लागतो. लगेच काढून पंख्याच्या कडा बोटांनी किंचित बाहेर ओढा आणि दांडी चिमटीत वळा. गार होताच आकार पक्का होतो. पहिले पाच तुकडे वाया जातील, जाऊ द्या. ए-फोर आकाराच्या एका शीटमधून एकोणपन्नास तुकडे निघतात.

सॅटिन रिबन आणलीच आहे तर ती नाड्यांना आणि कानातल्यांच्या मधल्या फुलाला वापरा. सॅटिनची गोल पाकळी करायची तर ५, ४ आणि ३ सेंटीमीटरच्या चकत्या कापा, प्रत्येकीला कडेकडून मध्याकडे पाच काप द्या आणि कड मेणबत्तीच्या आचेवर आक्रसवा. काठ ज्योतीच्या टोकाशी नेलात तर पांढऱ्यावर काजळी धरते. ज्योतीच्या बाजूला, खालच्या निळसर भागाजवळ, अंतर ठेवून फिरवायचं. हे फक्त पॉलिस्टरवर चालतं. रिबनचा धागा जाळून बघा: वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, राख झाली तर सुती. चौकोनी तुकडा घडी घालून केलेल्या टोकदार पाकळ्यांना शिकवणारे "कांझाशी" म्हणतात. मुळात कांझाशी म्हणजे जपानी बायकांचा केसांतला दागिना, आणि रेशमाचे चौकोन चिमटीत घडी घालून त्या पाकळ्या करायची कला तिथे एदो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) आहे. तीही सुंदर दिसते, पण मोगरा-अबोलीशेजारी परकी वाटते, असं माझं मत.

आता जोडणी, एकेक करून.

गजऱ्याला बैठक लागत नाही, तो दोऱ्यावरच करा. खरा गजरा केळीच्या सोपटात किंवा दोऱ्यात गाठीगाठीनं गुंफतात, तसाच हाही. जाड सुती दोरा घ्या. दोन कळ्या डावीकडे तोंड करून आणि दोन उजवीकडे, शेपट्या मध्ये एकावर एक, त्यावर दोऱ्याचा फास ओढून गाठ. एक सेंटीमीटर सोडून पुढची जोडी. अंबाड्याभोवती ३० सेंटीमीटरचा गजरा धरला तर चाराप्रमाणे साधारण १२० कळ्या लागतात. दर पाच-सहा गाठींनंतर दोन्ही बाजूला एकेक अबोली. शेवटी मधल्या शेपट्या जास्त लांब दिसल्या तर कापा, पण गाठीपासून अर्धा सेंटीमीटर ठेवून. गोंदाचा एकही ठिपका न लावता हा गजरा वर्षभर टिकतो. दोन्ही टोकांना दोऱ्याचे फास ठेवा, त्यातून यू पिन घालून अंबाड्यात खोवायची.

कानातल्यांना बकरमची रुपयाएवढी चकती, मागे फेल्ट, आणि टॉपचा खिळा दोन्हींच्या मधून आधीच काढून घेतलेला. खिळा वरून चिकटवायचा नाही, तो आतून यायला हवा. मध्ये सॅटिनचं एक लहान फूल, खाली तीन कळ्या दोऱ्यानं लोंबत्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. एक नग दहा ग्रॅमच्या वर गेला की मी तो परत उसवते. सात ग्रॅम आला तर उत्तम. तरीही मोत्यांचा वेल करून कानावरून केसांत अडकवून द्या. गरोदरपणात थकवा लवकर येतो, कान ओढला जायला लागला की ती अर्ध्या कार्यक्रमातच काढून ठेवेल.

बिंदी म्हणजे सगळ्यात चुकार दागिना. ती घसरते, वाकडी होते, नाकावर येते. उपाय एकच, दोन ठिकाणी बांधणं. कपाळावरचं पदक अबोलीच्या तीन फुलांएवढंच, त्यामागे भांगातून जाणारी मोत्यांची सर, सरीच्या मागच्या टोकाला आकडा. शिवाय पदकाच्या मागे पारदर्शक धाग्याचा लहान फास, तो कपाळाच्या केसांना पिनेनं धरायचा. कुणाला दिसत नाही.

मुकुट करणारच असाल तर उघड्या तारेचा नको. कपाळाला टोचते आणि लाल वळ उठतो. २० गेजची तार कपाळावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत येईल एवढी कापा, दोन्ही टोकं पक्कडीनं वळवून एक सेंटीमीटरचा फास करा, सगळ्या तारेला आधी फ्लोरल टेप आणि वरून फेल्टची अरुंद पट्टी गुंडाळा. फासातून रिबन, गाठ अंबाड्याखाली. कळ्या त्यावर २८ गेजच्या बारीक तारेनं बांधा, सगळ्या एकाच दिशेला तिरक्या. प्रत्येक पुढच्या कळीचं डोकं मागच्या कळीची शेपटी झाकेल असं. मधोमध अबोलीचा झुबका. उंची चार बोटांच्या वर नेऊ नका. उंच मुकुट फोटोत भारी दिसतो, आणि ओटी भरायला वाकलेल्या पहिल्या मावशींच्या चष्म्यात अडकतो.

दंड, मनगट आणि कंबरपट्टा ही तिन्ही कामं सारखीच, म्हणून एकदाच सांगते. बकरमवर फुलं मांडायला कधीही एका टोकाकडून सुरुवात करू नका. आधी मधलं फूल, मग दोन्ही टोकांची, मग मधली जागा भरायची. नाहीतर शेवटी एक बाजू दाट आणि एक विरळ होते. चिकटवण्याआधी सगळं मांडून मोबाइलवर फोटो काढा. डोळ्याला न दिसलेलं असमतोलपण फोटोत लगेच दिसतं. कंबरपट्ट्यावर गोंद लावल्यावरही प्रत्येक झुबक्याला एक टाका मारा. बसता-उठताना तो सगळ्यात जास्त वाकतो.

गळ्यातलं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. ते करायचंच असेल तर एकेरी, छातीपर्यंत येणारी कळ्यांची माळ करा, गळ्यालगतचं नको. मंगळसूत्र, हार, फुलांचं गळ्यातलं असं सगळं एकावर एक आलं की कुठलंच दिसत नाही.

सामानाचा हिशेब: गजरा, मुकुट, माळ आणि बाकी मिळून ३०० कळ्या धरा. साध्या क्रेपची गुंडाळी सहसा ५० सेंटीमीटर रुंद आणि दोन-अडीच मीटर लांब असते, त्या एका गुंडाळीत कापाकापीची नासाडी धरूनही ३०० कळ्या निघतात. पीच फोम शीट तीन. बकरम अर्धा मीटर, फेल्ट तेवढंच, पण त्वचेच्या रंगाचं किंवा हिरवं घ्या, काळं नाही. हिरव्या फ्लोरल टेपची दोन रिळं, २० आणि २८ गेजची तार, लहान ग्लू गन आणि दहा कांड्या, सोनेरी गोटा पत्ती, मोती, टॉपचे खिळे, आकडे, यू पिना, जाड सुती दोरा, आणि नाड्यांसाठी १२ मिलिमीटर रुंद रिबनचं एक रीळ. पुण्यात असाल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आणि तुळशीबागेत हे सगळं एका फेरीत होतं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि शेजारची अब्दुल रहमान स्ट्रीट. बाकी गावांत शिंप्याच्या सामानाचं दुकान आणि एक मोठं स्टेशनरी दुकान पुरतं. "पॉलन" मागितलंत तर फुलातले तयार पुंकेसर मिळतात, या सेटला ते लागत नाहीत, उगाच घेऊ नका. वेळ फारच कमी पडला तर शोल्याची तयार फुलं बघा, दुकानात त्यांना सोलावूड म्हणतात. पाणथळ जागी वाढणाऱ्या एका झुडपाच्या गराची ती असतात, बंगालमध्ये नवरदेवाचा टोपोर, म्हणजे उंच मुकुट, याच गराचा करतात. पिसासारखी हलकी आणि खऱ्या फुलाच्या पांढऱ्याच्या जवळ जाणारी. प्लॅस्टिकच्या फुलांपेक्षा कधीही चांगली.

झोपाळ्याकडे वळू. इथे सगळे नियम बदलतात. दागिना हातभर अंतरावरून बघतात, झोपाळा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. तिथे मोगऱ्याची कळी दिसणारच नाही. मोठी फुलं, ठसठशीत रंग, थोडीच. लोकरीचा झेंडू करा: चार बोटांभोवती लोकरीचे ८० वेढे, मध्ये करकचून गाठ, दोन्ही बाजूंचे वळसे कापून कात्रीनं गोल. एका फुलाला चौदा मीटरच्या आसपास लोकर जाते, गुंड्यावर मीटर लिहिलेले असतात, त्यावरून हिशेब करा. गाठ मारताना दोरा कंजूषपणे घेऊ नका, त्याच दोऱ्यानं ते फूल ओवायचंय. पिवळी आणि केशरी मिळून चाळीस फुलं झोपाळ्याच्या दोन्ही बाजूंना पुरतात. हे काम मुलांना आणि आजींना द्या, आवडीनं करतात. तुमचा लाल क्रेपही आता काढा. त्याची हाताच्या पंजाएवढी पाकळ्यांची मोठी फुलं पाठीमागच्या पडद्यावर चांगली उठतील. पाठीला थर्माकोल घेऊ नका. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यावर बंदी आहे, आणि पुठ्ठा तसाही जास्त सोयीचा, त्याला टाचणी धरते आणि टाकाही.

झोपाळ्याबाबत दोन गोष्टींत हयगय नको. दोऱ्या-साखळ्यांचे हुक आणि गाठी फुलांनी झाकू नका, त्या दिवशी सकाळी कुणीतरी त्या डोळ्यांनी तपासायला हव्यात. सजावट दोरीला सुटी बांधायची, झोपाळ्याचा भार तिच्यावर येता कामा नये. आणि औक्षणाचं निरांजन झोपाळ्यापाशी येणारच, तर क्रेप आणि पडद्याला ऑर्गंझासारखं तलम कापड लावलं असेल तर ते बहिणीच्या बसायच्या जागेपासून हातभर दूर राहू द्या. लोकरीचे लोंबते झेंडूही बसल्यावर तिच्या खांद्याच्या वरच संपले पाहिजेत.

धनुष्यबाण आणि चंद्रकोर हे प्रकार फोटोसाठी हवे असतात. बांबूच्या कामटीला पांढरी रिबन गुंडाळून उरलेल्या कळ्या बांधल्या की धनुष्य झालं. त्यावर एक संध्याकाळसुद्धा खर्च करू नका.

वेळेची आखणी करायची तर पहिला आठवडा नुसत्या कळ्या. एका कळीला मिनिटभर लागतं, तीनशेला पाच तास, म्हणजे टीव्ही बघता बघता चार संध्याकाळी. दुसऱ्या आठवड्यात अबोली आणि सगळ्या बैठका. शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीला जोडणी संपवा आणि बहिणीला न सांगता आधी स्वतः पूर्ण सेट घालून दोन तास घरात वावरा. भाकरी करा, केर काढा, पंख्याखाली बसा. जे टोचेल, सुटेल, घसरेल ते तेव्हाच कळेल. मग तिला घालून नाड्यांची लांबी बघा आणि परत काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. पावसाळा असेल तर खोक्यात नव्या पर्सबरोबर येणारी सिलिका जेलची पुडी टाका, दमट हवेत क्रेप मऊ पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी एका डब्यात सुई, पांढरा आणि हिरवा दोरा, लहान कात्री, दहा यू पिना, सहा सेफ्टी पिना आणि वीस जादा कळ्या घेऊन तुम्ही तिच्याजवळ राहा. ग्लू गन त्या दिवशी घरी ठेवा. गर्दीत, रेशमी साड्यांमध्ये ती गरम गन मला अजिबात नको वाटते. काही सुटलंच तर दोन टाक्यांत बसतं. आणि तिला घाम आला, तिनं कंबरपट्टा काढून टाकायला मागितला, तर मागची गाठ एका ओढीत सुटेल अशीच बांधलेली असू द्या.